वॉशरच्या टाकीत काय घालता?

"मॅडम, ही गाडी आठ दिवसांत तिसऱ्यांदा आलीय तुमच्याकडं. आता मी काय करू, तेवढं सांगा."

विकासशेठनी दार असं आपटलं की आमच्या शेडचा पत्रा हादरला. शेठ हुपरीचे, चांदीचे व्यापारी. घराखालीच पैंजणांचा कारखाना आणि आठवड्यातून चार दिवस कोल्हापुरात गुजरीला, म्हणजे सराफ बाजारात फेरी. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की समोरच्यानं दोन पावलं मागं सरावं. त्यांचे ड्रायव्हर महादेवमामा दुसऱ्या बाजूनं उतरले आणि गाडीच्या पलीकडंच उभे राहिले. शेठ आणि आपल्यामध्ये गाडी असलेली बरी, असा हिशोब असावा.

मी समोरची काच बघितली. शुक्रवारची सकाळ होती, दहा वाजले होते. काच लख्ख.

"शेठ, चांगली दिसतेय की."

"सकाळी दिसतेय ओ! सकाळी माझी सासूबी चांगली दिसते!"

आत फडकी पिळत बसलेली आमच्याकडची शालन फिस्सकन हसली. मला हसून चालणार नव्हतं, कारण शेठ खरं बोलत होते. काचेचं हे असंच असतं. सावलीत, सकाळच्या उजेडात कसलीही काच स्वच्छ दिसते. सूर्य खाली उतरून तोंडावर आला, किंवा समोरच्या गाडीचा दिवा पडला, की मग तिच्यावरचे पट्टे उठून दिसतात. म्हणजे ज्या वेळी काच स्वच्छ असायची खरी गरज, नेमकी त्याच वेळी ती दगा देते.

माझं सांगायचं राहिलं. मी कांबळे. एका कार शोरूममध्ये सोळा वर्षं डिलिव्हरी सेक्शनला होते. गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली द्यायच्या आधी गाडीवरून शेवटचा हात आणि शेवटची नजर माझी असायची. मग स्वतःचं कार केअर सेंटर काढलं, हुपरी रस्त्याला, गडमुडशिंगीच्या अलीकडं. गाड्या धुणारे या रस्त्यावर पुष्कळ आहेत. माझं नाव आहे ते काचेसाठी. "काच दिसली तर काम कच्चं," असं मी बोर्डवर लिहून घेतलंय. पेंटरनं त्यातलं "कच्चं" एवढं मोठं काढलंय की लांबून तेवढंच वाचता येतं, पण ते असू द्या.

"काल काय झालं ते ऐका," शेठ म्हणाले. "साडेपाचला कोल्हापूरला निघालतो. ऊन तोंडावर. पुढच्या टेम्पोनं धुरळा उडवला म्हणून मामांनी पाण्याचं बटण दाबलं. वायपर फिरला आणि काच पांढरी फटक! दुधाची पिशवी फुटल्यागत. पुढं उसाची ट्रॉली हाय हे मला ब्रेक लागल्यावर कळलं. चार हात राहिली असंल मध्ये."

गळीत हंगाम चालू होता. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या मुंग्यांसारख्या असतात. मागं लाल दिवा असला तर नशीब, आणि ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबत असतो. चार हात म्हणजे काही नव्हेच. 

"आता माझं स्पष्ट हाय," शेठ पुढं म्हणाले. "काचेत दोष असंल तर काच बदलतो. काचेत न्हाय म्हणालात, तर दोष रोज पुसणाऱ्याचा. रविवारी नवीन ड्रायव्हर येतोय बघायला. बावीस वर्षं झाली मामांना. डोळं गेलं असंल, हात चालत नसंल. घरी बसायचं आता."

हे सगळं मामांच्या देखत. मामा अठ्ठावन्न वर्षांचे. शेठ शाळेत होते तेव्हा त्यांना सायकलवर मागं बसवून परीक्षेच्या पेपरला सोडणारा हाच माणूस. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.  मला त्यांचाच राग आला. अहो, एक वाक्य तरी बोला की! पण नाही.

शेठनी रिक्षा थांबवली. "सहाला येतो. तोवर शोधा," म्हणाले आणि गुजरीला गेले.

आता, आधीच्या दोन खेपांना मी काय केलं होतं ते सांगते, म्हणजे माझी चूक कुठं झाली ते कळेल.

पहिल्या खेपेला नेहमीचं. गाडी सावलीत घेतली. तापलेल्या काचेवर पाणी लगेच सुकतं आणि डाग ठेवून जातं, म्हणून उन्हात काच पुसायची नाही. बोअरचं पाणी वापरायचं नाही. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की बादलीलाही पांढरी कड येते. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं. फडकी दोन, मायक्रोफायबरची, म्हणजे बारीक लवेची. एक ओलं, एक कोरडं. ओल्यानं मळ सोडवायचा आणि लगेच कोरड्यानं उचलायचा. लोक एकाच फडक्यानं दोन्ही कामं करतात आणि मग पट्टे आले म्हणून काचेला शिव्या देतात. वर्तमानपत्राचा बोळा घेणारेही आहेत. घरातल्या आरशाला घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण पेपर घासून काचेच्या कडेचं रबर काळं होतं, ते मग मला घासावं लागतं.

दुसऱ्या खेपेला मी खोलात गेले. वायपरचं रबर कडक झालं असेल म्हणून नवीन टाकलं. आतून काचेवर एक धुरकट थर बसतो, नव्या गाडीतलं प्लॅस्टिक उन्हानं तापून त्याची वाफ बसते, तो स्पिरिटनं काढला. काचेवरून क्ले फिरवला. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा, काचेत रुतलेली घाण ओढून घेतो. काच अशी झाली की शालन आतून बाहेर हात काढायला गेली आणि तिनं बोटं आपटून घेतली. आणि दोन दिवसांत शेठचा फोन, "पट्टे परत!"

म्हणजे आमचं काम बरोबर होतं, पण कुणीतरी ते रोज नासवत होतं.

शेठ गेल्यावर मी गाडी शेडबाहेर काढून उन्हाकडं तोंड करून उभी केली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. आता आमच्या धंद्यातली एक साधी खूण सांगते, घरीही उपयोगी पडेल. काच आतून पुसायची ती वर-खाली, आणि बाहेरून पुसायची ती आडवी. मग पट्टा उभा दिसला तर तो आतला, आडवा दिसला तर बाहेरचा. शोधत बसायला नको. मी वाकून, मान तिरकी करून बघितलं. उभा पट्टा एकही नाही, आडवाही नाही. होत्या त्या कमानी. एकाखाली एक, वायपर फिरतो तशाच.

कमान म्हणजे वायपर. वायपरचं रबर नवीन. मग रबर आणि काच यांच्यामध्ये येणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे पाणी. बटण दाबलं की बॉनेटवरच्या दोन भोकांतून जे काचेवर उडतं ते. त्याची एक टाकी असते, बॉनेटखाली, निळ्या झाकणाची. तिला वॉशरची टाकी म्हणतात.

ती टाकी मी दोन्ही खेपांना उघडलीच नव्हती. कारण दोन्ही वेळा मामा पुढं होऊन म्हणाले होते, "टाकी फुल्ल हाय मॅडम. सकाळीच भरलीय. बॉनेट नका उघडू, मी बघतो की ते." आणि मी, सोळा वर्षं चेकलिस्टवर टिक केल्याशिवाय गाडी न सोडणारी बाई, त्यांच्या शब्दावर टिक करून मोकळी झाले होते. शोरूमला माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं.

मी बटण दाबलं. फुर्रर्र केलं, पण एकाच भोकातून आणि तेही वाकडं. वायपर फिरला. काच पांढरी फटक.

"मामा, बॉनेट उघडा."

"पाणीच हाय मॅडम."

"पाणीच बघायचंय मला. उघडा."

निळं झाकण काढलं आणि वास आला. मला तो नासलेल्या कुल्फीचा वाटला. वर थोडं कापूर, थोडं औषधाच्या दुकानासारखं. काहीच पत्ता लागेना. मी शालनला हाक मारली. शालन आमची सगळ्यात जुनी कामाची बाई, गाडी आतून साफ करण्यात हिचा हात धरणारं कोणी नाही, आणि नाक तर पोलिसांच्या कुत्र्याचं. तिनं टाकीत बोट बुडवलं आणि नाकाला लावलं.

"अगं बया," ती म्हणाली. "मॅडम, ह्ये तीर्थ हाय!"

आणि ते बोट सवयीनं दोन्ही डोळ्यांना लावून मोकळी झाली.

"कशावरनं?"

"कशावरनं म्हंजे? दूध हाय, कापूर हाय, तुळस हाय. देवाच्या आंघोळीचं पंचामृत. शिळं झालंय, पर तीर्थच हाय. तुमाला न्हाय वळकायचं."

मला खरंच ओळखता आलं नसतं. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात बुद्धाची मूर्ती, पुढं फुलं आणि मेणबत्ती, एवढंच. पंचामृत मी लहानपणी शेजारच्या काकूंकडं हातावर घेऊन चाटलेलं, तेवढीच ओळख. शेठ सकाळी "दुधाची पिशवी" म्हणाले होते, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.

पण एकदा पंचामृत म्हटल्यावर पुढचं सगळं सोपं होतं. त्यात दूध, दही, तूप, मध आणि साखर. तुपाचा थर काचेला धरतो, तो नुसत्या पाण्यानं जात नाही. साखर आणि मध चिकटतात, त्यावर धुरळा बसतो. वर वायपर फिरला की झाली खिरापत काचभर. एखाद्यानं मुद्दाम काच आंधळी करायची म्हणून मिश्रण शोधलं असतं तरी याहून चांगलं सापडलं नसतं.

"मामा," मी म्हटलं, "टाकीत काय घालता?"

"पाणी."

"नुसतं?"

मामा टोपीशी खेळायला लागले.

"मामा, रविवारी तुमची नोकरी जातेय. कळतंय का? कोण घालतंय हे?"

"मला शपथ हाय मॅडम."

"कुणाची?"

"ते बी सांगायचं न्हाय, अशीच शपथ हाय."

मी डोक्याला हात लावला. शालन मात्र मान डोलवत होती, जणू हे अगदी बरोबरच चाललंय. "शपथ असंल तर काय बोलणार ओ माणूस," म्हणाली. बावीस वर्षांची नोकरी एका बाजूला आणि शपथ एका बाजूला, आणि या दोघांना त्यात विचार करण्यासारखं काही वाटत नव्हतं.

पण पंचामृत रोज कुठं होतं? देवघरात. हुपरीच्या त्या घरात देवघर कुणाच्या ताब्यात? शेठ तर देवाला लांबनंच हात जोडणारे. राहिल्या शेठच्या आई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं.

"मामा, गाडी चालवायची शपथ नाही ना?"

"न्हाय."

"मग हुपरीला घ्या. तोंडातनं एक शब्द काढू नका. नुसती चालवा."

मामांनी जरा विचार केला. त्यात शपथ कुठं मोडत नाही हे पडताळून बघितलं आणि गाडीत बसले.

आधीची दोन कामं हातावेगळी करून निघायला तीन वाजले होते. घर गाठलं तेव्हा खाली कारखान्यात पैंजणांना घुंगरं जोडायचं काम चालू होतं, पाच-सहा बायका खाली माना घालून बसल्या होत्या. अक्का वर सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, वाती वळत होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. अंगानं काडी, आवाज लेकासारखाच.

"या पावणं. तू गाडी धुणारी बाई व्हय?"

"व्हय अक्का. काच पुसणारी."

"मग हितं काय पुसायला आलीयास?"

मी सरळच विचारलं. "अक्का, गाडीच्या टाकीत तीर्थ तुम्ही घालता?"

त्यांनी आधी मामांकडं असं बघितलं की मामा दाराच्या चौकटीत अर्धे झाले. "मी काय बी बोललो न्हाय अक्का!" असं ते जवळजवळ ओरडले. मी सांगितलं, मामा खरंच नाही बोलले, शालनच्या नाकानं सांगितलं. तेव्हा अक्का जरा खाली आल्या.

"बस," म्हणाल्या. "सांगते."

गेल्या वर्षी विकासशेठ स्वतः गाडी चालवत होते, एका हातात फोन. दुभाजकावर गेले. गाडीचं तोंड गेलं आणि यांचा हात मोडला. दोन महिने प्लॅस्टर. तेव्हापासून अक्कांच्या डोळ्याला डोळा नाही. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली, ती शेठनी काढून टाकली. काळी बाहुली बांधली, तीही टाकली. हातात दोरा बांधू म्हटलं तर म्हणे, मी काय लहान हाय? फोन ठेव म्हटलं तर धंदा कोण करणार?

"मग एकदा ह्यो महादेवा काच धूत हुता," अक्का म्हणाल्या. "बटण दाबलं की पाणी कसं उडतंय, दाखवलंन मला. माझ्या डोस्क्यात आलं, हितंच घालावं की! रोज पूजा झाली की पेलाभर तीर्थ त्या टाकीत. बटण दाबलं की देवाचं पाणी गाडीवर शिंपडलं जातंय. आणि लेक आतच बसलेला, त्येला पत्ता बी न्हाय!"

हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. नाद खुळा! वॉशरच्या मोटारीचा असा उपयोग ती बनवणाऱ्या इंजिनियरच्या स्वप्नातही आला नसेल.

"लेकाला कळलं तर वरडंल, म्हणून महादेवाला शपथ घातली."

आता पुढचं मला बोलायचं होतं आणि जीभ रेटत नव्हती. पण सहाला शेठ येणार होते आणि रविवार परवा होता. मी म्हटलं, "अक्का, गाडीपर्यंत येता जरा?"

मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्या सीटवर त्या जन्मात पहिल्यांदाच बसत होत्या, दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालायला निघाल्या. ऊन खाली आलं होतं, गाडीचं तोंड मावळतीकडं. मी म्हटलं, "समोर काय दिसतंय?"

"गोठा दिसतोय. आमची म्हस दिसतेय."

"आता ते बटण दाबा."

फुर्रर्र. वायपर दोनदा फिरला.

"आता काय दिसतंय?"

"अगं, काय बी दिसंना."

"काल रस्त्यात मामांनाही एवढंच दिसलं. आणि पुढं म्हस नव्हती, उसाची ट्रॉली होती. शेठ शेजारी बसलेले."

अक्का काचेकडं बघत राहिल्या. दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच. मग पदर डोळ्यांना लावला. "म्हंजे मीच…" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, जीभ चावून टाकावी. काच पुसायला आलेली बाई आणि एका आईला रडवून बसले. मी बाहेर उभी राहून त्यांचा हात धरला. 

थोड्या वेळानं त्याच सावरल्या आणि राग मामांवर काढला. "महादेवा, मुडद्या, त्या ट्रॉलीनंतर तरी सांगायचंस की मला!"

"काल रात्री आल्यावर सांगणारच हुतो अक्का. तुमी झोपलावता. आणि सकाळी शेठ म्होरंच हुते."

"मग त्येला सांगायचं!"

"शपथ घातलीवती तुमी." मग मीच मध्ये पडून सांगितलं, की शेठ रविवारी मामांच्या जागी नवीन ड्रायव्हर बघणार आहेत.

"आरं, त्यो तुला काढून टाकणार हुता न्हवं? ही बाई सांगतीया."

"व्हय. पर शपथ ती शपथ." मग मामा पुढं आले. अठ्ठावन्न वर्षांचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा हात पुढं करून म्हणाला, "अक्का, सुटली म्हणा."

"सुटली बाबा, सुटली!" अक्कांनी त्यांच्या हातावर टाळी दिली.

मामांनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं. आणि मग माणूस जो बोलायला लागला तो थांबेचना. पहिल्यांदा कधी घातलं, कुठल्या दिवशी तूप जास्त होतं, भोक कसं तुंबलं, टाचणीनं कसं उघडलं, रात्री झोप कशी लागत नव्हती, सगळं.

कामाला लागलो. टाकी रिकामी करायची म्हणजे बारीक नळी घालून पाणी ओढून काढायचं. मी नळी गटारीकडं नेली तशा अक्का किंचाळल्या, "अगं तीर्थ हाय ते! पायदळी न्हाय जायाचं!" माझ्या धंद्यात टाकीतलं पाणी गटारीत जातं. त्या दिवशी ते कळशीत गेलं आणि कळशी परड्यातल्या नारळाच्या बुंध्याशी. वास असा होता की कारखान्यातल्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. मग टाकीत कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, ते काढून थोडं व्हिनेगर घातलेलं पाणी, मग दोनदा साधं. भोकं टाचणीनं साफ केली. वायपरच्या रबरावरून स्पिरिटचं फडकं फिरवलं तर फडक्यावर तुपकट पिवळी रेघ आली. शेवटी काच. आधी स्पिरिटनं तूप काढलं, मग ओलं फडकं, मग कोरडं. अक्कांनी मदत म्हणून जुन्या धोतराचा धडपा आणून दिला. मी तो आदरानं घेतला आणि त्यानं दाराचे कोपरे पुसले.

साडेपाच होत आले. मी निघाले तशा अक्का म्हणाल्या, "थांब, मी बी येते. म्होरं बसते."

परत येताना ऊन बरोबर तोंडावर. काल जिथं ब्रेक लागला होता तो रस्ता आला. पुढं ट्रॉली होतीच, त्या दिवसांत ती असतेच. मामांनी मुद्दाम बटण दाबलं. पाणी उडालं, वायपर फिरला, आणि काच नाहीशीच झाली म्हणा ना. "ती बघ, ट्रॉली!" अक्का हात लांब करून ओरडल्या. ट्रॉली अजून पार लांब, वळणावर होती. उसाची पानं सुद्धा दिसत होती. मामा हळूहळू जवळ गेले, हॉर्न दिला आणि ओव्हरटेक करून पुढं आले. त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

सहाला शेठ रिक्षातून उतरले आणि पुढच्या सीटवर आईला बघून तिथंच थांबले.

"काय निघालं?" त्यांनी मला विचारलं. "काच, का पुसणारा?"

"दोन्ही नाही शेठ. पाणी."

"पाण्यात काय हुतं?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या, "तीर्थ हुतं. मी घालत हुते. महादेवाला शपथ घातलीवती. त्येचं काय चुकलं न्हाय. आता वरड मला."

शेठ ओरडले. म्हणजे सुरुवात केली. "आई, डोकं फिरलंय काय तुझं? काल आम्ही दोघं बी…" इथपर्यंत आले आणि त्यांचं लक्ष अक्कांच्या हातांकडं गेलं. त्या दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. शेठनी वाक्य तिथंच सोडलं. 

"तू फोन खाली ठेव," अक्का म्हणाल्या. "मी तीर्थ घालायचं बंद करते. हाय कबूल?"

तेवढ्यात शेठच्या हातातला फोन वाजला. खरंच वाजला, मी काही रंगवून सांगत नाही. शेठनी फोनकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि फोन बंद करून मामांच्या हातात दिला. "मामा, गाडीत बसलो की ह्यो तुमच्याकडं. मागितला तरी द्यायचा न्हाय."

"शपथ घालताय का?" मामांनी घाबरून विचारलं.

"न्हाय ओ. नुसतं सांगतोय."

"मग ठीक हाय."

रविवारी नवीन ड्रायव्हर बघायला आला होता म्हणे. त्याला चहा पाजून परत लावून दिला.

अक्कांनी जाताना मला बाजूला घेऊन एकच विचारलं होतं, "मग आता माझ्या लेकावर लक्ष कोण ठेवणार?" मला देवाधर्मातलं कळत नाही, पण काचेतलं कळतं. मी म्हटलं, "अक्का, देवाला सांगा, रस्ता तुम्ही बघा, काच आम्ही बघतो." त्यांना ते पटलं असावं, कारण दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गाडी न चुकता काचेसाठी येते. सोबत डबा असतो. पंचामृत नाही, शेंगदाण्याची पोळी.

या प्रकरणातनं मी धडा घेतला तो एवढाच, की दुसऱ्याच्या शब्दावर टिक करायची नाही, मग तो कितीही भला माणूस असो. आता आमच्या जॉब कार्डावर मी एक नवीन ओळ छापून घेतलीय, "वॉशरच्या टाकीत काय घालता?" आणि उत्तर काहीही आलं तरी झाकण मी स्वतः उघडते. उत्तरंही एकेक येतात. कुणी डोक्याचा शाम्पू घालतो, कुणी कपड्यांची पावडर. एका प्राध्यापकांनी गुलाबपाणी घातलं होतं, गाडीला वास यावा म्हणून.

गेल्या शुक्रवारी मामा आले. मी कार्ड पुढं केलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"पाणी," मामा म्हणाले. "नुसतं पाणी."

"शपथ?" मी गमतीनं म्हटलं.

मामांनी दोन्ही हात जोडले. "मॅडम, पाया पडतो. झाकण उघडून बघा, पर परत शपथ नको."

मी झाकण उघडून बघितलं. पाणीच होतं.